मल्लम्मा वैनीचं आवाळू

मला लिहायची सवय नाही. पण माझ्या थोरल्या भावजयीबद्दल नीट सांगू शकेल असं आता दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

निजामाच्या राज्यात उमरग्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. थोरला भाऊ रेवणप्पा आणि मी मागावर खण विणायचो. विकायचं काम मल्लम्मा वैनीचं. डोक्यावर गाठोडं घेऊन ती आठवड्याचे तीन बाजार पायी करायची. भावाला विकणं जमत नसे. गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की हा स्वतःच खण घडी करून ठेवायचा.

वैनीच्या टाळूवर, गाठोडं टेकायचं नेमकं तिथं, सुपारीएवढं आवाळू होतं, कातडीखालची गाठ. वर्षातून दोन-तीनदा ते सुजायचं आणि असं ठणकायचं की फणी लावणं नको व्हायचं. आवाळूला ओझं लागू नये म्हणून ती गाठोड्याखालची चुंबळ मोठ्या भोकाची वळायची. आमची आई, अव्वा, जवसाचं पोटीस बांधायची. ते फुटायचं, घाण निघायची, आणि आम्ही सगळे म्हणायचो, गेलं एकदाचं. सहा वर्षं ते असं जात होतं आणि परत येत होतं.

चव्वेचाळीस साली दिवाळीनंतर ते इतकं सुजलं की वैनी भर बाजारातून परत आली. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीतून उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादकडचे होते, मोडकं मराठी बोलायचे. त्यांनी पू काढून पट्टी बांधली आणि म्हणाले, "सहा हप्ते डोक्यावर बोझ नको. दर्द पूरा गेला की या. मग कापतो."

"दुखायचं थांबल्यावर कशाला येऊ?" वैनीनं विचारलं.

"सगळे हेच बोलतात, बाई, आणि येत नाहीत. आत थैली आहे. ती राहिली की पुन्हा भरते. सुजलेली थैली हातात फाटते, म्हणून आज नाही. आणि तिथले बाल काढावे लागतील."

सहा आठवडे भाऊ बाजारात गेला. पहिल्या आठवड्यात तीन बाजार करून त्यानं चार खण विकले. पुढंही तसंच. घरात खणांची चळत वाढली आणि आम्ही माग थांबवला. वैनीचं दुखणं मात्र पार थांबलं. ठरल्या दिवशी ती निघाली तेव्हा अव्वा उंबऱ्यात आडवी बसली.

"दुखत न्हाय तर डोस्क्याला वस्तरा कशाला? नवरा जित्ता हाय तुझा."

"हाय की. बाजारात धाडून बघितला न्हवं, अव्वा. असाच धाडत बसलो तर समदेच उपाशी मरू."

"लोक काय म्हणतील?"

"लोकान्ला नवरा दाखवते. संगटच चाललेत ते."

भावाला हे तेव्हाच कळलं असावं. त्यानं खुंटीवरचा रुमाल डोक्याला गुंडाळला.  अव्वा उठून आत गेली, कुंकवाचा करंडा आणला आणि वैनीच्या कपाळावर रोजच्यापेक्षा मोठा टिळा लावला. "आता जा," म्हणाली.

दवाखान्यात रुपयाएवढी जागा भादरून डॉक्टरांनी सुन्न करायची सुई दिली. वैनी डोळे मिटून कंपाउंडरला त्याच्या बायकोच्या आवडीचा रंग विचारत होती. भावाला घेरी आली, मी त्याला बाहेर नेऊन बसवलं. थैली अख्खी निघाली, सोललेल्या लसणाच्या कुडीसारखी पांढरी. वाटीत ती बघून वैनी म्हणाली, "एवढ्याशानं मला सहा वर्सं नाचवलं व्हय?"

टाके निघाले, जखम भरली. डॉक्टरांनी ओझं उचलायची मुभा दिली त्या आठवड्यात ती मुरूम गावच्या बाजाराला गेली. साठलेली सगळी चळत दोन गाठोड्यांत बांधली होती, म्हणून मी सोबत होतो. बायका खण बघायच्या आधी डोकं बघायला जमल्या. वैनीनं पदर मागं सारून टाळू दाखवली. केस बोटाच्या पेरभर आले होते.

"नवऱ्यानं काय म्हटलं ग?" एकीनं विचारलं.

"काय म्हणणार? चक्कर येऊन पडले. हा अंजिरी बघ, तुला खुलंल."

दुपारीच आम्ही परतलो. दोन्ही गाठोड्यांची रिकामी फडकी घडी घालून वैनीच्या काखेत होती. भाऊ ओसरीवर बसला होता.

"बसा मागावर," ती त्याला म्हणाली. "पुढच्या बाजाराला माल न्हाय."