कूलरची तीन मिनिटं

पाटोद्याजवळच्या आमच्या गावात बायकांच्या गटाचं दूध संकलन आहे. दूध थंड करायची मोठी टाकी, म्हणजे कूलर, बसली, तेव्हा ती सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. मिस्त्रीनं टाकीच्या कंट्रोलच्या डब्यावरचे आकडे दाखवून समजावलं, "ताई, पाच डिग्रीच्या वर गेलं की कॉम्प्रेसर चालू, चारला आलं की बंद. लाइट जाऊन आली, तर तीन मिनिटं थांबूनच सुरू होतंय. आतला दाब उतरावा लागतोय. तुमी मधी हात घालू नका."

मी मान हलवली. पण माझा जीव एका जागी ठरत नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंतसुद्धा मी चारदा ओट्यापाशी जाते.

मे महिन्यातल्या एका सकाळी टाकी काठोकाठ भरली होती. आकडा उतरत बारावर आला आणि लाइट गेली. थोड्या वेळानं आली, तरी कॉम्प्रेसर गप्पच. तोवर बाराचे तेरा झाले होते. तीन म्हशींचं दूध घालणाऱ्या शेजारच्या मावशी दारातून म्हणाल्या, "कावून बंद हाय गं? नासंल की समदं!"

दुरुस्तीसाठी मिस्त्रीनं एक थेट चालू करायचं बटण ठेवलं होतं. तीन मिनिटं व्हायच्या आतच मी ते दाबलं. मशीन घुरघुरलं, थरथरलं, बंद पडलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा जळका वास आला.

मी तिथंच बसून रडायला लागले. मावशींनी मात्र पदर खोचला. "रडतीस कावून? गावातल्या खव्याच्या भट्टीवर न्यायचं. उचल क्यान!"

दुपारभर आम्ही दूध आटवलं. हात भाजले, पण दूध वाया गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. सगळ्या बायका जमल्या होत्या. झाकण उघडून तो म्हणाला, "लाइटच्या झटक्यानं जळला आसंल."

माझ्या तोंडाशी 'हो' आलं होतं. मी बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "न्हाई भाऊ. मीच बटण दाबलं. दमच धरवला न्हाई मला."

बायकांत कुजबुज सुरू झाली. मावशीच म्हणाल्या, "हिच्याकडंच ऱ्हाऊ द्या टाकी. आता ही बटणाला शिवायची न्हाई."

मिस्त्रीनं नवा कॉम्प्रेसर बसवला आणि ते बटणच काढून टाकलं. आता लाइट आली की मी बाहेर अंगणात येरझाऱ्या घालते. आत घरघर सुरू झाल्याशिवाय पाय थांबत नाहीत.