अव्वांची गाठ

माझी धाकटी जाऊ महेश्वरी कुंग फू शिकते. हे सांगितलं की सोलापुरात लोक आधी हसतात, मग तिचं वय विचारतात, आणि चाळिशी कधीच ओलांडली म्हटलं की पुन्हा हसतात. खुशाल हसा. तिला काही फरक पडत नाही, आणि मला तर हसणाऱ्यांची तोंडं लक्षात ठेवायची सवयच आहे.

शाळेत असताना तिनं हे सुरू केलं. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा चहाचा ट्रे खाली ठेवता ठेवता म्हणाली, "सकाळचा क्लास मी सोडणार न्हाय. काय ते आत्ताच ठरवा." आमच्या सासूबाई चंद्रव्वा, घरात आम्ही त्यांना अव्वा म्हणतो, त्यांचा चहा बशीत सांडला. पण दिराला मुलगी आवडली होती. "पोरंबाळं झाली की सुटतंय आपोआप," म्हणत अव्वांनी होकार दिला.

कसलं सुटतंय! दोन बाळंतपणं झाली, गुडघा दुखावला, ब्लाऊज शिवायचं काम वाढलं, तरी बाई उजाडायच्या आत शाळेच्या मैदानावर हजर. लग्न होऊन आली तेव्हा डोकं असं गरम की शब्दाला शब्द लागला की पेटलीच. क्लासच्या शिवानंद सरांनी वर्षानुवर्षं तिला एकच ठोसा सावकाश मारायला लावला. ती चिडायची, रडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. आता गिऱ्हाइकानं ब्लाऊज तोंडावर फेकला तरी शांतपणे म्हणते, "बसा, उसवून देते." राग आहेच की, पण तो हल्ली तिला विचारून बाहेर येतो.

अव्वांची भीती वेगळीच होती. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग आम्ही जन्मभर अंगावेगळं करत नाही. "एक दिवस ते कुंग फू तुला लिंग काढून ठिवायला लावंल, बघ," हे त्यांचं रोजचं पालुपद.

आणि गेल्या वर्षी तो दिवस आला. सर थकले होते. मुलींची सकाळची तुकडी ब्लॅक बेल्ट असलेल्याच्याच हाती द्यायची, नाहीतर बंद करायची, असा त्यांच्या संस्थेचा नियम. महेश्वरीला ती तुकडी हवी होती. "अक्का," ती मला म्हणाली, "ह्या पोरी घरी बसल्या तर मी इतकी वर्षं काय केलं?" ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला मी गेलेच, पण अव्वाही रिक्षात चढून बसल्या. म्हणे, काय थेरं चालत्यात ते बघू.

बाहेरगावचे परीक्षक आले होते. झुंजीच्या आधी त्यांनी तिच्या गळ्याकडं बोट केलं. "ते काढून ठेवा. लागेल."

"काढणार न्हाय."

"मग परीक्षा नाही."

"परीक्षा पण देणार," महेश्वरी म्हणाली, आणि मैदानाच्या मधोमध घोड्यावर बसल्यासारखी गुडघे वाकवून, मुठी कमरेला लावून उभी राहिली. तसं उभं राहून बघा एकदा, बादली भरायच्या आत पाय लटपटतात. परीक्षकांनी बाकीच्यांच्या परीक्षा तिच्या आजूबाजूला उरकायला घेतल्या. ऊन चढलं. पोरं मोबाईलवर तिचं शूटिंग करायला लागली, त्यांना मी झापलं. तिच्या मांड्या थरथरत होत्या, पण ती जागची हलली नाही.

शेवटी अव्वा उठल्या. आता हाताला धरून घरी नेतात, मला वाटलं. त्या सरळ परीक्षकांसमोर गेल्या. "गळ्यात न्हाय, पण अंगावर असलं तर चालतंय की?"

"टणक काही लागायला नको, एवढंच," ते म्हणाले.

मी पदराचा आडोसा धरला. अव्वांनी तिच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढलं, आपल्याच पदराची कड फाडून त्यात गुंडाळलं आणि महेश्वरीच्या डाव्या दंडाला, काखेला लागून, घट्ट बांधलं. "माझी आजी शेतात खुरपताना असंच बांधायची," त्या पुटपुटल्या.

झुंज तिच्या निम्म्या वयाच्या मुलीशी होती. महेश्वरीनं डावं कोपर बरगडीला चिकटवलं ते चिकटवलंच. एकटा उजवा हात लढत होता. लाथा खांद्यावर घेतल्या, ठोसे तोंडावर घेतले, ओठ फुटला. सर ओरडत होते, "डावा! डावा हात!" काय झालंय ते मला कळलं. अव्वांनाही कळलं, त्या माझा हात आवळून बसल्या होत्या.

"नापास," परीक्षक म्हणाले. "अर्ध्या अंगानं लढता येत नाही."

त्यांची शिट्टी हिसकावून फेकून द्यावी इतका मला संताप आला. महेश्वरीनं मात्र रीतसर वाकून नमस्कार केला, रक्त पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी या. मी हितंच हाय." सर म्हणाले, "तोवर मी तुकडी सोडत नाही आणि मरतही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर अव्वांनी तिचं लिंग पुन्हा दंडाला बांधलं आणि लाटणं घेऊन अंगणात आल्या. डाव्या अंगावर लाटणं उगारलं. महेश्वरीचं कोपर पुन्हा बरगडीला चिकटलं.

"कोपर सोड."

"अव्वा, पडलं तर?"

"माझ्या हातची गाठ हाय ती. ती सुटंल म्हणतीस?" अव्वांचा आवाज चढला, आणि डोळ्यांत पाणी होतं. "गाठ मी सांबाळते. तू हात सोड."

महेश्वरीनं हात सोडला. लाटणं पाण्याच्या टाकीपलीकडं जाऊन पडलं, आणि अव्वा मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? दुसरं आण."