बारा कागदांवरचा मी

मी पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच उभा राहत होता, आणि चिंचवडला आमच्या घरी अजून ज्वारी, भुईमूग आणि दोन म्हशी. पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेले एक ड्रॉइंगचे सर त्या सुमारास गावात राहायला आले. कॉलेजात जाणाऱ्या आसपासच्या मुलांसाठी त्यांनी रविवारी सकाळी शाळेच्या एका खोलीत चित्रकलेचा वर्ग काढला, अगदी पहिल्या पायरीपासूनचा. आम्ही तेराजण झालो. आधी म्हशींच्या धारा काढायच्या, मग जायचं, एवढ्या अटीवर वडिलांनी मला सोडलं.

पहिले दोन महिने मडकं, विटा, पितळी तांब्या, जास्वंदीची फांदी. पांढऱ्या मडक्याची सावली नुसती काळी नसते हे कळलं तेव्हा मी घरी येऊन आईच्या सगळ्या भांड्यांकडे बघत बसलो होतो.

मग सरांनी माणसाचं डोकं काढायला घ्यायचं ठरवलं. वाकडचा एक म्हातारा भाजीवाला समोर बसायला येणार होता. तो आलाच नाही. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबवली.

"तू बस रे. तुझ्या चेहऱ्यात हाडं आहेत."

मला तो मान वाटला. सरांनी त्यांच्या उपरण्याचं मुंडासं माझ्या डोक्याला गुंडाळलं, मला टेबलावर ठेवलेल्या स्टुलावर बसवलं आणि मान खिडकीकडे वळवली. पायांभोवती खडूने रेघ मारली, म्हणजे पुढच्या रविवारी बरोब्बर तसंच बसता येईल. पुढचा रविवार असणार हे मला त्या रेघेमुळेच कळलं.

खिडकीतून रुळांचा एक तुकडा दिसायचा. गाडी गेली की तेवढाच बदल. डावा पाय बधिर व्हायचा, नाकाला खाज सुटायची, आणि बारा पेन्सिली माझ्याकडे बघत खरखरत राहायच्या. सर कुणाच्या तरी मागे उभे राहून म्हणायचे, "गालाखाली अजून दाब. शेतकरी आहे तो. डोळ्यांत थकवा येऊ दे." थकवा येतच होता. मी एकोणीस वर्षांचा होतो.

चौथ्या रविवारी धीर करून म्हटलं, "सर, मलाही काढायचंय."

"काढशील की! पण आता मध्येच उठलास तर या बाराजणांचं काम वाया जाईल. एवढं चित्र होऊ दे."

ते झालं की दुसऱ्या बाजूने. मग कोळशात. बाराजण माझ्यामुळे अडतील, या एका वाक्याने त्यांनी मला बांधून टाकलं होतं. रागावण्यासारखं ते काही बोलतही नसत, हीच पंचाईत. उलट सुटीत स्वतःच्या कपातला अर्धा चहा मला देत. शनिवार आला की वाटायचं, उद्या जाऊच नये. तरी धारा काढून मी जायचो. न जाण्याचं कारण घरी काय सांगणार?

दिवाळीआधी त्याच खोलीत वर्गाचं प्रदर्शन भरलं. वडील धुतलेलं धोतर नेसून आले. भिंतीवर बारा कागद, बाराही माझे. कुठे पन्नाशीचा मी, कुठे साठीचा. वडील एकेकापुढे थांबत गेले.

"आपलं आजं दिसत्यात ह्यात," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू काढल्यालं कंचं?"

माझं एकही नव्हतं. मडकं आणि तांब्या सरांनी लावले नव्हते. मी सगळ्यांत चांगल्या चित्राकडे बोट केलं. आकुर्डीच्या एका मुलाचं होतं ते.

"ह्ये."

वडिलांनी ते हात मागे बांधून बराच वेळ पाहिलं. भेटेल त्याला बोलावून दाखवलं. आकुर्डीचा मुलगा चार पावलांवर उभा होता. त्याने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिला. त्याच्या त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील गोठ्यापुढे घोंगडं टाकून बसले. "आता माजं काड."

आता सुटका नव्हती. मी कागद आणला. वडील इतके निश्चल बसले, तसं मला कधीच जमलं नव्हतं. माशी गालावरून कानापर्यंत चालत गेली, तरी पापणी हलली नाही. इतके दिवस मी डोकं फक्त आतून ओळखत होतो, बाहेरून ते कसं मांडायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. नाक एकीकडे, हनुवटी दुसरीकडे गेली. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

वडिलांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नांगराने जमिनीत ओढलेला तास बघून तो कुणी मारलाय ते सांगायचे.

"तितलं चित्र तुजं न्हाई," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. "न्हाई. मी नुसता बसत हुतो, आबा. मला उठूच दिलं न्हाई."

"समदे दिवस?"

"व्हय."

त्यांनी कागद मला परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, घोंगडं झटकलं.

"उद्या परत बसतो म्या. ह्याच येळंला."

ते बसले. भुईमूग काढायला येईपर्यंत, जमेल त्या दुपारी. मी त्यांना अकरा वेळा काढलं. शेवटच्या दोन कागदांत कान जागेवर आला होता, बाकी फारसं काही नाही. सरांकडे मी पुन्हा गेलो नाही, आणि का गेलो नाही हे त्यांना कधी सांगितलंही नाही.