दोन काठांवरच्या महालक्ष्म्या

माझी देवावर श्रद्धा होती, पण ती शेजारणीकडून विरजण आणावं तशी, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढी. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई पहिल्यापासूनच देवभोळी असणार. ज्या वर्षाची ही हकिगत आहे त्या वर्षी तर मी देवावर नाराजच होते. मी वऱ्हाडातली आणि दिलेली मोगलाईत, हसनाबादजवळच्या एका खेड्यात. वडिलांनी स्थळ पाहिलं तेव्हा जमीन पाहिली, बैल पाहिले, माणसं पाहिली; राज्य कुणाचं हे काही पाहिलं नाही. त्या काळी कुणी पाहतही नसे. इंग्रजांचा वऱ्हाड आणि निजामाची मोगलाई यांच्यामध्ये एक नाका होता आणि नाक्यावर पेंगणारा एक शिपाई. मग इंग्रज गेले, वऱ्हाडात झेंडा लागला आणि आम्ही निजामाचे ते निजामाचेच राहिलो. बैलगाडीनं दिवसभराची वाट, पण आई आता एका राज्यात होती आणि मी दुसऱ्या.

त्या वर्षी शिमग्यानंतर आमच्या भागात हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. कुठं कडब्याच्या गंजी पेटल्या, कुठं माणसं गेली. गावोगावची माणसं पहाटे गाड्या जुंपून हद्दीपलीकडे निघाली. आमच्या घरात मात्र गाडीऐवजी वाद जुंपला. थोरले भावजी म्हणायचे, "दारात आल्यावर मंग पळायचं का? जल्दी निघू, पोरंबाळं जपू." यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पोरं गाडीत बसतील, भांडी बसतील. जमीन बसती का? पेरायचं कोनी?" दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच तो वाद संपत नव्हता. मी आत भाकरी थापत ऐकत असे. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणे, त्या म्हणायच्या, "तुझा नवरा बोलाया लागला की तुझी भाकर जाड व्हती." खरंच होतं ते. मला जायचं होतं. मुलगी अंगावर पीत होती, कुत्रं भुंकलं तरी मी तिला उचलून आत पळायची, आणि पलीकडे माझी आई होती. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शेवटी भावजी, अक्का आणि त्यांची मुलं जायची ठरली. आम्ही राहायचं. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू, त्यांना चल म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मला तिकडलं पानी मानवत न्हाई." त्या जन्मात कधी तिकडे गेल्या नव्हत्या. आता पलीकडे नातं म्हणावं असं एकच घर, ते माझं माहेर. तेव्हा झालं असं, की माझी जाऊ माझ्या माहेरी निघाली आणि मी सासरीच. आज हसू येतं. त्या दिवशी मात्र मी चुलीपाशी बसून रडले, आणि धूर डोळ्यांत गेला असं सांगितलं.

निघायच्या दिवशी आत्याबाईंनी ज्वारीच्या कणगीत हात घातला आणि खणात गुंडाळलेले दोन पितळी मुखवटे बाहेर काढले. ते आमच्या महालक्ष्म्यांचे. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा. भाद्रपदात तीन दिवस त्या घरात उभ्या राहायच्या आणि उरलेलं वर्ष धान्यात पुरलेल्या असायच्या. आमच्याकडे महालक्ष्म्या ज्या घरात उभ्या राहतात तेच घर धरतात. दरवर्षी तिथंच, दोघी मिळूनच. घर वेगळं झालं तरी महालक्ष्म्यांची वाटणी कुणी करत नाही. आणि आत्याबाईंनी नेमकी तीच केली. थोरली अक्कांच्या हातात दिली, धाकटी माझ्या. अक्का घाबरून म्हणाल्या, "आत्याबाई, बहिनींची ताटातूट?" आत्याबाई म्हणाल्या, "तुमी तरी काय करून राह्यले? भादव्यात दोघींना एका जागी आना. इथं का तिथं ते तुमच्या तुमी ठरवा." पुरुषांनी दीड महिना घोळवलेला प्रश्न त्यांनी असा दोन सुनांच्या ओच्यात टाकला आणि गोवऱ्या आणायला निघून गेल्या.

पाऊस लागला, पेरण्या झाल्या. अधूनमधून शेतातल्या वाटांनी कुणी ना कुणी यायचं. भावजींचा निरोप यायचा, अक्कांचा यायचा, मुलं बरी आहेत, तुम्ही कसे आहात. आईचा निरोप एकदाही आला नाही. आलेल्या माणसाला मी ताक द्यायची आणि विचारायची, "आई काही बोलली?" तो म्हणायचा, "बऱ्या हायेत." मला बऱ्या आहेत हे ऐकायचं नव्हतं. 'लेकीला म्हणावं ये' एवढं ऐकायचं होतं. तिनं तसं म्हटलं असतं तर मी यांच्याशी भांडायला उभी राहिले असते. श्रावणात ते येणारं माणूसही थांबलं. मी रोज कणगीतल्या धाकटीला मनातल्या मनात विचारायची, की बाई, तुझी बहीण तिकडे, माझी आई तिकडे, आपण दोघी इथं काय करतोय?

भाद्रपद लागला आणि शेजारच्या गावात जाळपोळ झाली. तेव्हा मात्र हे म्हणाले, "तू, आई आन पोरगी, तुमी जा. तुमाला पोचवून मी मागं येतो, पेरलंय ते राखतो." आत्याबाई गाडीत बसल्या. मी धाकटीला खणासकट ओच्यात बांधलं. महालक्ष्म्या यंदा वऱ्हाडात उभ्या राहणार, म्हणजे घर तिकडं गेलं, हे मला कळत होतं. हे मागे एकटे राहणार हेही कळत होतं. तरीही बरं वाटत होतं, ते का लपवू? आवाहनाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो आणि दुपारच्या आत केळना नदीच्या काठाला लागलो.

नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. वर कुठंतरी मोठा पाऊस झाला असावा. आमच्याकडे तर ऊन होतं. पाणी तांबडं, त्यात झुडपं, काट्याकुट्या. उतार मिळेल म्हणून हे काठानं वर-खाली हिंडून आले आणि मान हलवून बसले. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "पलीकडं कोन हाय बघ." पलीकडच्या काठावर एक माणूस आणि एक बाई उभी होती. बाईच्या डोक्यावर गाठोडं. उभी राहायची ढब पाहूनच मी ओळखलं, त्या अक्का होत्या, आणि शेजारी भावजी. मी माझी महालक्ष्मी घेऊन त्यांच्याकडे निघाले होते आणि त्या त्यांची घेऊन माझ्याकडे. दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं की दुसरी निघाली असेल. मधे नदी. आत्याबाईंकडे पाहिलं तर त्या पदराआड हसत होत्या. काय हसणं सुचत होतं त्यांना, देव जाणे.

हाका पोचत नव्हत्या. हात हलवून काय सांगणार? बराच वेळ गेला. मग पलीकडच्या बाभळींतून एक उघडाबंब माणूस आला. वाळलेल्या भोपळ्यांवर बाज बांधलेली एक सांगड त्यानं ओढत आणली आणि भावजींशी काहीतरी बोलला. त्या सांगडीवर एकच माणूस मावत होतं. अक्का बसल्या. नदीला भिणारी बाई, विहिरीतसुद्धा वाकून न पाहणारी. त्या गाठोडं छातीशी धरून डोळे मिटून बसल्या आणि तो माणूस पाण्यात उतरून सांगड ढकलत, तिरकी घेत, पार खालच्या अंगाला आमच्या काठाला लागला. मी धावत गेले. अक्कांचे दात वाजत होते. त्यांनी डोळे उघडले ते थेट माझ्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कवढी झाली गं."

तो माणूस म्हणाला, "पानी वाढून राह्यलंय. आता मी जातो पलीकडं. एक जन येत असंल तर बसा, मंग आज खेप न्हाई."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हे म्हणाले, "जा तू. पोरीला घेऊन जा. दादा हाय तिकडं." पोटच्या पोरीला पदराखाली घेऊन मी सांगडीपर्यंत गेले. सहा महिने ज्यासाठी मनात कुढत होते ते चार हातांवर तरंगत होतं. पाय उचलायच्या आधी मी अक्कांना विचारलं, "माझी आई काय म्हणाली? मला बोलावलं का?"

अक्कांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा जुनाच दोष. त्या म्हणाल्या, "न्हाई. मी इचारलं व्हतं, धाकटीला घेऊन येऊ का? तर म्हनल्या, नोको. थोरलीलाच धाकटीकडं पोचवा."

उन्हाळा गेला, पावसाळा चालला, आणि शेवटी आईचा निरोप आला तो हा. मला वाटलं, आता माझं तिकडं काहीच नाही. मी मागे फिरले आणि त्या माणसाला म्हटलं, "जा बाबा तू. मला न्हाई यायचं." लोक म्हणतात की देवीनं मला थांबवलं, मी श्रद्धेनं राहिले. तसं काही नाही. मी रुसून राहिले.

हे त्याला गाडीतलं पीठ देऊ लागले. त्यानं घेतलं नाही, विडी मात्र मागितली. यांच्याकडे होती ती त्यानं मुंडाशात खोचली आणि सांगड पाण्यात लोटली. आम्ही काठावरच उभे होतो. अर्ध्यावर गेला असेल, तेव्हा वरून एक अख्खं झाड मुळांसकट वाहत आलं आणि सांगडीवर बसलं. बाज मोडली, भोपळे सुटून पाण्यावर नाचत गेले. तो माणूस दिसेना. मग खूप खाली त्याचं डोकं वर आलं, भावजी काठानं धावले, आणि दोघं मिळून चिखलात बसलेले आम्हाला दिसले. तो पोहणारा होता. मी आणि माझी पोरगी पोहणाऱ्या नव्हतो.

मुलगी भुकेनं रडायला लागली म्हणून मी तिथंच खाली बसून तिला पाजलं. आत्याबाईंनी माझ्या ओच्यातली धाकटी सोडली, अक्कांच्या गाठोड्यातली थोरली काढली आणि दोन्ही मुखवटे आपल्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. मग यांना म्हणाल्या, "गाडी फिरव." सहा महिन्यांचा वाद एवढ्यावर संपला.

दुसऱ्या दिवशी आमच्याच घरात महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. सोळा भाज्या कुठून मिळणार, मिळाल्या तेवढ्या केल्या; आंबील मात्र रीतसर केली. विसर्जन झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत फौज आली, निजामाचं राज्य गेलं. भावजी मुलांना घेऊन परतले. त्यांनी सांगितलं, तो सांगडीचा माणूस रात्री त्यांच्याजवळ झोपला, सकाळी भोपळे शोधायला म्हणून खाली गेला, तो पुन्हा दिसला नाही. यांनी पुढे काठावरच्या गावांत पुष्कळ चौकशी केली. कुणी म्हणे तो अमक्या गावचा, कुणी म्हणे तमक्या. मी त्याला देव म्हणत नाही. देव विडी मागत असेल तर मला माहीत नाही. पण भाद्रपदात आंबिलीची पहिली वाटी मी त्याच्या नावानं बाजूला काढते. नाव ठाऊक नाही, तरी काढते.

दिवाळीला माहेरी गेले. नाका मोडून पडला होता, शिपाई कुठंच नव्हता. आई अंगणात मूग पाखडत होती. मी पाय शिवले नाहीत, उभी राहिले आणि विचारलं, "अक्कांना घरात ठेवून घेतलंस, त्यांच्या पोरांना ठेवून घेतलंस. मला एकदा ये म्हणाली असतीस तर काय झालं असतं?"

आईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तू आली असतीस. पोरीला घेऊन, त्या नद्यांतून. म्हणून नाई बोलावलं. जीभ दाताखाली धरून बसले मी." आणि ती रडायला लागली, मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी आजवर नीट सांगू शकले नाही. कृपा हाक मारून येते असं मी समजत होते, म्हणून मी सहा महिने हाकेची वाट पाहिली. ती कृपा आईच्या मिटल्या तोंडात होती. तेव्हापासून देवानं एखादी गोष्ट दिली नाही की मी थोडी रुसते, तो स्वभाव आहे, तो जायचा नाही. पण रुसून झालं की हात जोडते. त्या दिवशी मग मी आईचे पाय धरले आणि तिच्याबरोबर मूग पाखडायला बसले.