आधी चित्र, मग संगणक

आमच्या ट्यूटरबाई संगणकावर चादर घालायच्या आणि तिचे कोपरे रुग्णाच्या खाटेसारखे दुमडून आत खोचायच्या. ती काढायचा हक्क फक्त त्यांचा. कणकवलीच्या आमच्या नर्सिंग शाळेत शरीरक्रियाशास्त्राची एकच सीडी होती. तिच्यात हृदय धडधडतं, झडपा उघडमीट करतात, रक्त निळ्याचं लाल होतं, असं नुसतं ऐकून होते. मला त्या बाई तेव्हा आवडत नव्हत्या, आजही आवडत नाहीत.

"आधी चित्र, मग संगणक," हा त्यांचा कायदा. पुस्तक मिटून रक्ताचा मार्ग वहीत बिनचूक काढायचा. जिला जमेल तिनेच सीडी बघायची. म्हणजे जिला येतं तिला दाखवायचं आणि जिला येत नाही तिला बाहेर ठेवायचं. असला उफराटा न्याय मी दुसरीकडे पाहिला नाही.

मी मिठबावची, माझी मैत्रीण नंदा विजयदुर्गची. दोघींच्या घरी मासळीचा धंदा. लहानपणापासून मासे कापताना काळीज कल्ल्यांना लागून असलेलं पाहिलेलं. रक्त काळजातून कल्ल्यांत आणि तिथून थेट अंगभर जातं, हे आमच्या डोक्यात पक्कं होतं. वहीत आम्ही कल्ल्यांच्या जागी फुप्फुसं काढली आणि रक्त तिथून थेट हातापायांना पोचवलं. बाईंनी दोन्ही वह्या वर्गासमोर धरल्या. एरवी त्या शुद्ध बोलायच्या, पण राग आला की मालवणीत. "दोघींनी बांगड्याचा काळीज काढल्यानी. ह्यांच्या डोक्यार माशांची पाटीच बरी." वर्ग हसला.

हसण्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण आम्हा दोघींना घरून एकाच वर्षाची मुभा होती. या विषयात नापास झालो की परत गावी, बाजारात मासे विकायला.

स्टँडजवळ नवीनच नेट कॅफे निघाला होता, तिथे गेलो. हृदयाचं अ‍ॅनिमेशन सापडलंही, पण लाइन इतकी मंद की रक्त फुप्फुसांपर्यंत यायचं आणि तिथेच अडकून बसायचं. पुढे ते पुन्हा हृदयाकडे वळतं हे आम्हाला दिसलंच नाही. आपलंच बरोबर, असं समजून आम्ही खुशीत परतलो.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून बांगडा आणला, बाईंच्या टेबलावर कागद पसरला आणि तो चिरून दाखवला. "बघा बाई, असा आसा का नाय?" नंदा बरोबर आली होती, पण ती भिडस्त, दाराबाहेरच थांबली. बाईंनी ते एवढंसं काळीज चिमट्याने उचलून उलटसुलट पाहिलं. "बांगड्याचा बरोबर आसा," त्या म्हणाल्या. "माणूस बांगडो नाय. बस हय."

त्यांनी चादर काढली. पुढचे दोन तास माउस त्यांच्या हातात होता. मध्येच चित्र थांबवून त्या विचारायच्या, "रगत आता खंय?" चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. फुप्फुसांतलं रक्त हृदयात परत शिरताना दिसलं तेव्हा मला रडू आलं. "रडतंस कित्याक? फुडे बघ," एवढंच त्या म्हणाल्या.

मी पास झाले. नंदा नापास झाली आणि गावी गेली. कायदा मोडायचाच होता तर दोघींसाठी मोडायचा, असं मी पुढे कितीतरी जणींना सांगितलं. आज मी नर्स आहे, आणि पेशंटची नाडी धरली की बाईंनी थांबवलेली ती चित्रंच डोळ्यांपुढे येतात. त्यांचं इतकं देणं लागावं याचाही मला राग येतो.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा समारंभाला गेले होते. हार काढून ठेवत त्यांनी मला बाजूला घेतलं. "ती विजयदुर्गाची खंय आसता आता?"

"गावाकच. मासळी विकता."

"तिका पण बसवूक होया होता," त्या म्हणाल्या.

"होय," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून काही बोलायची माझी इच्छा नव्हती. पण त्या दिवशी चादर काढताना बाईंनी विचारलं होतं, "भायर कोण आसा काय?" आणि दोघींना बघून त्यांचं मन फिरेल या भीतीने मी म्हटलं होतं, "कोण नाय." हे मी त्यांना सांगितलं नाही. नंदालाही नाही.