प्रबंधाचं शेवटचं प्रकरण

स्वप्नाली बनगरचा उपग्रह वर गेला तेव्हा म्हसवडजवळच्या त्यांच्या वस्तीवर सगळ्यांनी तो मोबाइलवर बघितला. उपग्रह काही तिचा एकटीचा नव्हता. बेंगळुरूच्या ज्या कंपनीत ती नोकरीला होती, त्या कंपनीचा होता. पण तिचे वडील नानासो यांच्या लेखी तो तिचाच. तरुणपणी मेंढरं घेऊन घाट उतरून गेलेला माणूस तो. "आमच्या पोरीनं सोडलाय," असं येईल-जाईल त्याला सांगायचे आणि भर दुपारीसुद्धा वर बोट करून दाखवायचे.

त्या दिवशी तिला फोनावर फोन येत होते. त्यातला एक माधवनगरचा होता, लोंढे सरांचा. तो तिनं उचलला नाही. मागाहून करू म्हणाली आणि राहून गेलं.

जोतीराम लोंढे सांगलीच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले. त्यांचे वडील माधवनगरच्या गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली, घर तिथंच राहिलं. साताऱ्याला बीएस्सी आणि कोल्हापूरला एमएस्सी करून स्वप्नाली सरांकडे पीएचडीला आली, ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. विषय मूळ संख्यांचा. सरांच्या घरी पुढच्या खोलीत फळा होता. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं चूक काढायची. दुपारी सुरू झालेला वाद दिवेलागणीपर्यंत मिटायचा नाही. सरांची सून पूजा चहा आणून मधे ठेवायची. "हरलं कोण ते सांगा एकदा, म्हणजे मला दिवा लावता येईल," म्हणायची.

प्रबंध मंजूर झाला. पण शेवटच्या प्रकरणात एक गोष्ट राहिली. जे सिद्ध करायचं होतं, ते काही ठरावीक संख्यांपुरतंच झालं. सगळ्यांसाठी ते खरं असणार, हे दोघांनाही दिसत होतं. दाखवता येत नव्हतं.

"दोन वर्षं दे," सर म्हणाले. "दोघं मिळून काढू."

त्याच सुमारास बेंगळुरूची नोकरी चालून आली. आकाशात फिरणारे उपग्रह आणि जुन्या यानांचे तुकडे एकमेकांवर आदळण्याचा धोका किती, हे काढणारं माणूस कंपनीला हवं होतं. मूळ संख्यांचं पुढं करायचं काय, हे स्वप्नालीला घरी कधी सांगता आलं नव्हतं. उपग्रहाचं सांगता येत होतं.

"वर्षभर बघते, सर. आपलं काम सोडणार नाही."

"जा. पण हात चालू ठेव," एवढंच सर बोलले.

नोकरीत ती रमली. एकदा तिनं हट्ट धरून उपग्रहाची वाट थोडी बदलायला लावली. वरिष्ठ म्हणत होते, इंधन वाया जाईल. दुसऱ्या दिवशी कळलं, एक तुकडा अगदी जवळून गेला होता. वाट बदलली नसती तर वाचणं कठीण होतं. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपलं गणित कुणाच्या तरी कामी आलं, असं तिला वाटलं. ते खोटं नव्हतं.

सर रविवारी फोन करायचे. साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू झाली होती. फळ्यावरची मोठी अक्षरं दिसत, छापलेलं दिसत नसे. एका रविवारी ते एकदम हुरूपानं बोलायला लागले.

"स्वप्नाली, आपण चुकीच्या बाजूनं चढत होतो. एकेक संख्या धरायची नाही. सगळ्यांची एकदम सरासरी घ्यायची, आणि त्रास देणाऱ्या मागाहून वेगळ्या काढायच्या. माझ्यानं आता लिहून होत नाही. तू करून बघतेस?"

"बघते, सर."

तिच्यासमोर संगणकावर चाचणीचे आकडे सरकत होते. तरी संध्याकाळी ती खरंच कागद घेऊन बसली. अर्धं पान झालं आणि ऑफिसातून बोलावणं आलं. सरांनी पुढं तीन-चारदा विचारलं. मग विचारायचे थांबले. जेवणखाण, तब्येत, एवढंच. तिला सुटल्यासारखं वाटलं. आज तिला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच, की तेव्हा बरं वाटलं होतं.

गेल्या वर्षी परदेशातल्या दोन तरुणांनी तो प्रश्न सोडवला. जेवणाच्या सुट्टीत तिनं त्यांचा पेपर उघडला. पहिल्याच पानावर सरांची वाट होती. सगळ्यांची सरासरी, मग त्रास देणाऱ्या वेगळ्या. तिनं डबा तसाच झाकला आणि सुट्टी टाकून सांगलीची गाडी धरली.

सर दारातच खुर्ची टाकून बसले होते. आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं.

"आलीस? पेपर बघितलास ना? काय सुंदर केलंय पोरांनी!" त्यांचा चेहरा फुलला होता. "पूजा वाचते गं, पण चिन्हं आली की बिचारी अडते. तू सांग."

ती वाचायला लागली. दुसऱ्या पानावर अडली. एक ओळ होती, 'हे आधीच सिद्ध झालेले आहे', आणि पुढं संदर्भात तिचं आणि सरांचं नाव. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

"सर, हे कसं येतं?"

"अगं, हे तर तूच केलंयस."

मग हवेत बोट फिरवत त्यांनी तिचीच सिद्धता तिला पायरीपायरीनं सांगितली. तिला ती दुपार आठवली, हातावरचा खडू आठवला. सिद्धता आठवली नाही.

"रागवा मला, सर," ती म्हणाली.

"कशाला? तुझं काम मोठं आहे. इथं सगळ्यांना अभिमान आहे तुझा." थोडं थांबून ते म्हणाले, "वाट बरोबर होती, एवढं कळलं. मला एकट्याला ती चालता आली नसती. दोघांना आली असती, असं वाटतं कधीकधी."

पूजा चहा घेऊन आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही.

स्वप्नाली तिथून म्हसवडला गेली. नानासो डाळिंबाला पाणी देत होते. लेक अशी अचानक आलेली बघून ते बांधावर आले.

"काय म्हंत्यात सर? बरं हायत न्हवं?"

"बरं हायत. आमचं एक गणित राहिलं होतं, आबा. दुसऱ्यांनी सोडवलं."

"सुटलं की मग! कुणी का सोडवंना."

तिचे डोळे भरलेले दिसले तसे नानासो गोंधळले. "लय अवघड हुतं व्हय गं ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय."

सोमवारी ती कामावर हजर झाली. अजूनही तिथंच आहे, आता तिच्या हाताखाली माणसं आहेत. नव्यानं लागलेल्या मुली कौतुकानं विचारतात, मॅडम, तुमची पीएचडी कशात? मूळ संख्यांवर होती, असं ती सांगते. एखादी पुढचं विचारायला लागली, की ती कामाचा विषय काढते.