ओरडलो नाही, तिथेच चुकलं

माझा रामराम चाळिशीत बिघडला. त्याआधी तो चांगला होता. सिंदेवाहीजवळच्या एका गावात मी पोस्टमास्तर होतो. मालगुजारी नुकतीच गेली होती, पण रामराम गेला नव्हता. खिडकी उघडल्यापासून मिटेपर्यंत तो चालू असे. मग एका हिवाळ्यात बोटांचे सांधे सुजले, पाठोपाठ मनगटं, आणि माझे दोन तळवे एकमेकांना भेटेनासे झाले. हात जोडले की मधे एवढी पोकळी राही की चिमणीने घरटं बांधावं. वैद्य म्हणाले, आमवात. चांद्याचे डॉक्टर म्हणाले, हा जाणारा नव्हे, याच्याशी जमवून घ्या. मी तयार होतो. लोक तयार नव्हते.

कारण आमच्याकडे नुसते हात जोडून भागत नाही. माणूस जवळ येतो, तुमचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतो आणि "बरं हाय ना जी?" असं विचारत प्रेमानं दाबतो. नांगर धरणाऱ्या हातांचं प्रेम ते. सकाळी दहापर्यंत माझी बोटं लाकडासारखी असत. त्या वेळचं प्रेम थेट डोक्यात जाई. मी ओरडे. समोरचा घाबरून हात सोडे आणि मग गावभर सांगे की मास्तर चिडका झाला.

म्हणून मी युक्त्या काढल्या. वडीलधाऱ्यांना मान लववायची, बरोबरीच्यांपुढे कोपर करायचं, आणि हात मिळवणारे दौऱ्यावरचे साहेब आले की दारामागे जायचं. तीन युक्त्या माझ्या डोक्याला जास्त झाल्या. एकदा मी गुराख्याला पाहून दारामागे लपलो आणि साहेबांपुढे कोपर केलं. साहेबांनी त्या कोपराकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि आपलं कोपर त्याला टेकवलं. शहरात हल्ली अशीच रीत आहे, असं आमचं गाव पुढे बरेच दिवस समजत होतं.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. मग मुलीला आरमोरीकडची सोयरीक आली. मुलगा तिने मामाच्या गावच्या मंडईच्या जत्रेत पाहिला होता, आणि ती "नाही" म्हणाली नव्हती. आमच्या घरात हे फार मोठं बोलणं होतं. धान पाखडताना ती आता गुणगुणतही असे.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बायकोने मला बजावलं, "हे पाहा, पाव्हण्यायपुढे वरडू नका. तुमी वरडले का लोकं भेतेत. दात दाबा अन् हासा."

पाहुणे नेमके सकाळी आठला आले. मुलाचे वडील दाराएवढे, आणि सोबत त्यांचे थोरले भाऊ, बारीक, गप्प. वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी हसलो. त्यांनी माझ्या वाकड्या, सुजल्या बोटांकडे पाहिलं आणि आणखी दाबलं. मी आणखी हसलो. मग त्यांनी करंगळी वेगळी काढून दाबली. काय हा जिव्हाळा, असं मला वाटलं. तेवढ्यात थोरल्यांनी पुढे होऊन माझ्या हाताच्या पाठीवर नख रुतवलं. सोयरिकीत मुलीची चाल बघतात हे मला ठाऊक होतं. बापाची बोटं बघतात हे नवीन होतं. पण आरमोरीकडची रीत असेल, म्हणून मी हसतच राहिलो.

चहा आला. मुलाच्या वडिलांनी पितळी पेला उचलला आणि माझ्याच हातात दिला. "घ्या मास्तर, आंधी तुमी."

पेला कढत होता. पण त्या उबेनं सांध्यांना इतकं बरं वाटलं की मी तो दोन्ही हातांत धरून बसलो, सोडेचना. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. पोहे तसेच टाकून, "सांगतो मंग," म्हणत ते उठले. जाताना रामराम त्यांनी बैलांच्या रेंगीत चढून केला.

महिना गेला, निरोप नाही. मुलीचं गुणगुणणं थांबलं. मला काही उमगेना. पोहे गार वाटले असतील? मी जास्त हसलो? की त्या कोपराची कथा नदीपलीकडे पोचली? रोज एक नवं कारण शोधून मी बायकोला सांगे, आणि ती रोज म्हणे, "तुमचंच काईतरी झालं असन."

शेवटी तिचा भाऊ आला. तो उंबऱ्याबाहेरच बसला.

"भाऊजी, हात दाखवा."

मी दाखवले. त्याने लांबूनच पाहिले. "त्याइले वाटते, तुमाले महारोग हाय. बोटं वाकडे, अन् दाबलं तरी दुखत नाई. म्हंतेत, नख रुतवलं तरी मास्तर हासूनच राह्यले. कढत पेला धरून बसले."

आमच्या भागात गावोगावी शिवारात महारोग्याची एखादी वेगळी झोपडी असे, आणि ही पारख लहान पोरालाही ठाऊक होती. मला कशी सुचली नाही, देव जाणे. आयुष्यात एकदाच मी बायकोचं तंतोतंत ऐकलं होतं.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता जा, अन् वरडून या."

ब्रह्मपुरीपर्यंत रेल्वे, पुढे वैनगंगा डोंग्याने. वाटेत मला नवाच घोर लागला: ऐन वेळी दुखलंच नाही तर? दुपारपर्यंत बोटं जरा सैल होत. डोंग्यात मी हळू आवाजात "अगाई" म्हणून पाहिलं. नावाड्याने विचारलं, "पोटात दुखून राह्यलं का, भाऊ?"

मुलाचे वडील खळ्यावर होते, बैलांची मळणी चालली होती. मला पाहून ते जागीच थांबले आणि वीस पावलांवरून हात जोडले. "रामराम, मास्तर."

असाच रामराम मला वर्षभर हवा होता. याच्यासाठी मी कोपरं पुढे केली, दारामागे लपलो. तो मिळाला आणि नकोसा झाला. शिवारातल्या झोपडीतल्या माणसाला रोज हाच मिळत असणार, हे तोवर माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मीही त्याला लांबूनच रामराम करत आलो होतो.

मी हात पुढे करून चालत गेलो. "दाबा."

"राहू द्या मास्तर, काऊन उगाच..."

"दाबा जी. त्या दिवशी बायकोनं वरडू नका म्हटलं होतं."

ते एक पाऊल मागे सरले. बैलांमागून थोरले भाऊच पुढे आले. त्यांनी दोन बोटांत माझी करंगळी धरली आणि अगदी हलकी दाबली.

मी असा ओरडलो की मळणीचे बैल थांबले. तालमीची गरज नव्हती. त्यांनी खात्रीसाठी दुसऱ्यांदा दाबली, तेव्हा होणाऱ्या सोयऱ्याला देऊ नये ती शिवीही मी दिली. थोरल्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"अजून एक डाव, मास्तर."

"आता काऊन?"

"नाई, आयकाले बरं वाटून राह्यलं."

लग्न उन्हाळ्यात झालं. मांडवापुढे इवायांची भेट असते: दोन्ही बाप सगळ्यांदेखत एकमेकांना कवटाळतात, आणि ज्याच्यात जोर आहे तो दुसऱ्याला उचलतो. माझा इवाई पुढे आला आणि कानाशी म्हणाला, "मास्तर, कुठी धरू?"

"कुठीच नोका."

"धरा तं लागते जी. लोकं पाहून राह्यले."

त्याने मला धानाच्या पोत्यासारखं उचललं. मी मोकळ्या गळ्यानं बोंबललो, आणि थोरले भाऊ वऱ्हाडाकडे वळून म्हणाले, "आयकलं ना सगळ्यायनं?"

त्यालाही आता वर्षं झाली. अजूनही कोणी हात पसरून येताना दिसला की हसावं की ओरडावं, हे मला वेळेवर ठरवता येत नाही; बहुतेक वेळा दोन्ही एकदम होतं. इवाई आला की मात्र घाई करत नाही. खाटेवर शेजारी बसतो, आपली करंगळी माझ्या करंगळीला नुसती टेकवतो आणि विचारतो, "दुखते ना जी?"

"दुखते."

"मंग बरं हाय," म्हणतो, आणि चहा मागवतो.